दीर्घकालीन सौम्य नैराश्य : ओळख व उपचार

‘त्याचा स्वभावच कष्टी’ असे वाक्य प्राध्यापक-कक्षात सहज उच्चारले जाते. नेमक्या या वाक्याआड डिस्थायमिया हा विकार वर्षानुवर्षे दडून राहतो. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने त्यास 1980 मध्ये हे नाव दिले. 2013 पासून तो तेथे दीर्घकाळ टिकणाऱ्या नैराश्याच्या व्यापक गटात मोडतो. बहुतेक दिवस उदासीनता किमान 2 वर्षे टिकणे व मधे सलग 2 महिन्यांहून अधिक मोकळीक न मिळणे, ही त्याची प्रमुख खूण होय. जोडीला झोप, भूक, एकाग्रता वा आत्मविश्वास ढासळतो. किशोरवयात 1 वर्षाचा अवधी पुरेसा मानतात आणि उदासीपेक्षा चिडचिडच ठळक दिसू शकते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

अहिल्यानगर जिल्ह्यात निदान आणखी एका कारणाने लांबते. पाथर्डी-शेवगावकडील आईवडील ऊसतोडीस गेल्यावर मागे राहिलेल्या विद्यार्थ्याची मरगळ आपण ‘परिस्थिती’च्या खात्यावर टाकतो. परिस्थिती खरीच असते. परंतु गळीत हंगाम संपून ते परतल्यावरही मरगळ हटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावयास हवा.

प्रथम थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासणे इष्ट, कारण त्यांतील दोषही असाच थकवा आणतात. नैराश्यरोधक औषधांचा गुण येण्यास साधारणतः 4 ते 6 आठवडे लागतात; बरे वाटताच गोळ्या परस्पर थांबविणे घातक ठरते. सोबत बोलण्यातून होणारे उपचार हवेतच, कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांस परिचित करून दिलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांपैकीच एक. शासनाची टेलिमानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.