अभियांत्रिकी शिक्षण आणि शेतकऱ्याची ऐपत

दहावीचा निकाल आणि मृगाची पेरणी यांत फारसे अंतर नसते. बियाणे-खतांसाठी रोख रक्कम हवी असते, नेमक्या त्याच सुमारास मुलाच्या पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपल्यावर सेलू तालुक्यातील एका शेतकऱ्यांनी मला बाजूस नेऊन विचारले, "साहेब, पोराला इंजिनिअर करायचंय. आधी लातूरची शिकवणी, मग पुण्याचं कॉलेज. दीड एकर काढावं का?"

जमीन काढण्यापूर्वी वर्षांचा हिशेब मांडावा, असे मी त्यांना सांगितले. अकरावी-बारावीची दोन वर्षे व पदवीची चार, मिळून सहा होतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील पदविकेची तीन वर्षे व त्यानंतर पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन, हीदेखील सहाच. वर्ष एकही वाया जात नाही. ह्या वाटेने शिकवणीचा खर्च टळतो, कारण थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेवर नव्हे, तर पदविकेच्या गुणांवर होतो. शिवाय मध्येच घरची अडचण उद्भवली, तर पदविकाधारकास नोकरी मिळू शकते. नुसत्या बारावीच्या प्रमाणपत्रास तेवढी किंमत नाही.

आपल्या जिल्ह्यात जिंतूर येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. हिंगोली व नांदेड येथेही आहे. पुढे पदवीसाठी नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. बारावी विज्ञान झालेल्यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाचाही विचार करावा. अवजारे, सिंचन, मृदसंधारण हे त्याचे विषय शेतकऱ्याच्या मुलास परके नाहीत. तेथे मात्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. पदविकेतून आलेली मुले पदवीच्या द्वितीय वर्षात गणितात अडखळतात. पदविकेच्या तिन्ही वर्षांत गणित हातावेगळे करून न टाकता सुट्टीतही त्याचा सराव ठेवावा.

आता शुल्काविषयी. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून ह्याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण माफ आहे. मुलीसाठी पैसा नाही, ही सबब त्यामुळे बरीच लंगडी पडते. अल्पभूधारकांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतल्यास ह्या सवलती हातच्या जातात, आणि मध्यस्थ नेमके हेच सांगत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे खरे काम उन्हाळ्यातच सुरू होते. उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमीलेअरचा व अल्पभूधारक असल्याचा दाखला निकालापूर्वीच मागवावा. पदवीच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते व तिला महिने लागू शकतात. तो अर्ज बारावीच्या वा पदविकेच्या शिक्षणकाळातच करून ठेवावा. सेलूचे ते शेतकरी एप्रिलमध्येच तहसिलीत जाऊन आले होते. मुलगा जिंतूरला आहे. दीड एकरात यंदा तूर आहे.