पडदा, घोडी आणि शिकाऊ बोट

गिटार शिकता शिकता ती स्वतः घडवणाऱ्याला एक प्रश्न लवकर गाठतो : सूर चुकला, तर दोष वाद्याचा की बोटाचा?

पडद्यांचे गणित सरळ आहे. अभिजात गिटारीची तार साधारण ६५० मिलिमीटर. बारावा पडदा बरोबर मध्यावर, पहिला साडेछत्तीसवर. पण तार दाबली की ताणली जाते आणि सूर गणितापेक्षा चढा लागतो. म्हणून घोडीवरची पट्टी एक-दोन मिलिमीटर मागे घेतात. नवशिक्याचे बोट तर गरजेपेक्षा जास्तच दाबते. त्याच्या मापाने पट्टी आणखी मागे नेली, तर हात सुधारल्यावर तीच गिटार उतरी बोलेल. इथे वाद्य नव्हे, हात दुरुस्त करायचा.

तबलीचे मात्र वेगळे. स्पेनमधील अल्मेरियाचा आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) मूळचा सुतार. १८६२ साली त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बांधली. तबली तेवढी लाकडाची. नाद मुख्यतः तबलीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. (आपल्याकडची शिसव जगभर गिटारींच्या पाठीला लागते. दिसायला देखणी, पण पहिल्या गिटारीसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो.)

तबलीची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. रंधलेले लाकूड परत येत नाही आणि नवशिक्याच्या कानाला कुठे थांबायचे ते कळत नाही. म्हणून ती किंचित जाडच ठेवावी; तारा चढवून ऐकल्यावर, पॉलिशआधी, बाहेरून घासता येते.