धुरातली कमाई : टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर यांचा जमाखर्च

रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्या वस्तीतील तरुण मुले बाहेर पायऱ्यांवर बसतात. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी गॅरेजात हात काळे करतो, तर कोणी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. मागे एका रविवारी त्यांच्यात वाद पेटला. एक म्हणाला, "सुपरचार्जरची गाडीच भारी." दुसरा म्हणाला, "टर्बो बघ, फुकटात ताकद देतो." दोघांनी आम्हाला पंच केले. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून! परंतु जमाखर्च मांडणे हे तर आमचे रोजचेच काम. म्हणून चार जाणत्यांना विचारून, पुस्तके चाळून तो येथे मांडत आहोत.

प्रथम मूळ गोष्ट. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिन आपल्या दमावर ओढेल तेवढीच हवा सिलिंडरमध्ये येते. लोहार भाता मारतो तेव्हा तीच भट्टी जोरात पेटते. तशीच इंजिनात हवा दाबून भरली, तर जास्त इंधन जळते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. टर्बो काय नि सुपर काय, दोन्ही भातेच. फरक एवढाच की, भाता ओढतो कोण?

सुपरचार्जरचा भाता इंजिन स्वतः ओढते. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने तो फिरतो. या जातीचा एक जुना पंखा अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट केला. तेव्हा मोटारगाडी जन्मलीही नव्हती. पुढे १९२१ साली मर्सिडीजने सुपरचार्जरच्या गाड्या बाजारात आणल्या. याचा गुण असा की, पाय दाबताच ताकद हजर! दोष असा की, भाता ओढायची मजुरी इंजिनच्याच कमाईतून जाते. शंभर मिळवायचे आणि त्यातले काही दारातच द्यायचे.

टर्बोचार्जरची युक्ती निराळी. त्याचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली घेतले. इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे वाया जातो. ब्युखींनी त्या गरम धुराच्या वाटेत चक्र बसवले. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र. धूर पहिल्याला फिरवतो, पहिले दुसऱ्याला. हा दांडा मिनिटाला एक लाखाहूनही अधिक फेरे घेतो. दोष म्हणाल तर, धुराचा जोर वाढेपर्यंत थोडा वेळ लागतो. पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करते.

मग टर्बो फुकट आहे काय? नाही. वाटेत चक्र असल्यामुळे धूर बाहेर ढकलायला इंजिनला थोडा अधिक जोर लावावा लागतो. पण हा खर्च पट्ट्याच्या खर्चापेक्षा बहुधा कमी पडतो. म्हणून अॅव्हरेजच्या हिशेबात टर्बो पुढे. भारतात २०१३ साली आलेली फोर्ड इकोस्पोर्ट गाडी पहा. तिचे साधे १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन ११२ अश्वशक्तीचे होते, तर टर्बोवाले १ लिटरचे इंजिन १२५ अश्वशक्तीचे. जाहीर केलेले अॅव्हरेज पहिल्याचे लिटरला १५.८ किलोमीटर, दुसऱ्याचे १८.९. अर्थात सगळे श्रेय टर्बोचे नव्हे. इंजिन लहान केले आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले, याचाही त्यात वाटा आहे. आणि पाय सदा दाबलेला ठेवला तर हा फायदा वाऱ्यावर जातो.

सुपरचार्जरचीही बाजू ऐकली पाहिजे. निसानने २०११ मध्ये युरोपसाठी मायक्रा गाडीत सुपरचार्जर बसवला. गाडी सावकाश चालली असता तो क्लचने सुटा होत असे. मजुरी गरजेपुरतीच! म्हणजे यंत्र कोणते यापेक्षा ते कधी आणि किती वापरले, हेही महत्त्वाचे. फोक्सवॅगनने तर २००५ साली एकाच इंजिनवर दोन्ही बसवले. खालच्या वेगाला सुपर, वरच्याला टर्बो. तरी आज आपल्याकडे डिझेल गाड्यांवर आणि अनेक पेट्रोल गाड्यांवर टर्बोच दिसतो.

हे सारे आम्ही का लिहितो? कारण 'फुकट' या शब्दाने आमच्या वस्तीतील एका घराचे नुकसान केले. तेथील मुलाने आईचे कानातले गहाण ठेवून, कर्ज काढून जुनी डिझेल गाडी घेतली. ऑइल बदलायचे तो पुढे ढकलत गेला. घाट चढून आला की ढाबा दिसताच चावी बंद. काही महिन्यांत निळा धूर निघू लागला आणि टर्बो गेला. गाडी दोन महिने उभी राहिली. हप्ता मात्र उभा राहिला नाही. त्या माउलीचा प्रश्न होता, "पोराने मेहनत तर केली, मग चुकले कुठे?" मेहनतीत चुकले नव्हते, माहितीत चुकले होते.

तो वेगाने फिरणारा, तापलेला दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल जुने झाले की तो घासतो. म्हणून कंपनीने सांगितलेलेच ऑइल सांगितलेल्या मुदतीत बदला. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. गाडी सुरू करताच रेस करू नका. घाट चढून वा जोरात चालवून आल्यावर अर्धे-एक मिनिट इंजिन तसेच चालू ठेवा, मग बंद करा. जुनी गाडी घेताना निळा धूर, टर्बोची कर्कश शिट्टी आणि हवेच्या नळीतील ऑइल जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. इसार त्यानंतर द्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांना तांत्रिक शिक्षण मिळावे यावर त्यांचा भर होता. तथागतांनीही कालामांना ऐकीव गोष्टी पारखून घ्यायला सांगितले. गॅरेजातली गोष्टही त्याला अपवाद नाही.

त्या मुलाची गाडी आता पुन्हा रस्त्यावर आली आहे. रात्री घरी आला की तो चावीला लगेच हात लावत नाही. आई दारातून विचारते, "झालं का रे मिनिट?" कानातले अजून सुटायचे आहे. पण गाडी चालते आहे, तर तेही सुटेल.

जयभीम!