काटकसर कुणाच्या ताटातून?

मागच्या महिन्यात आमच्या मुरुडच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि नेहमीप्रमाणे गाडी महागाईवर आली. तेल, डाळ, गॅस, मुलांच्या फिया... जी ती आपापलं गाऱ्हाणं सांगत होती. मी म्हटलं, "आज जरा वेगळं करू या. काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय खाल्लं तेवढंच सांगा. घरच्यांनी काय खाल्लं ते नको."

सगळ्या गप्प! एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोपऱ्यात बसलेली एक जण म्हणाली, "सकाळी चहा घेतला, ताई. दुपारी भाकरी अन् ठेचा. वरण होतं, पण लेकरं शाळेतून आल्यावर मागतेत म्हणून झाकून ठेवलं. रात्री समद्यांची जेवणं झाल्यावर जे उरलं ते."

"माझंबी तसंच," दुसरी म्हणाली. तिसरी हसून म्हणाली, "आपलं काय, भागतंय की!"

"भागतंय" हा शब्द माझ्या चांगलाच ओळखीचा आहे, कारण एके काळी मीही तो रोज म्हणत होते.

2015 सालची गोष्ट. दुष्काळ पडलेला. तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या पुढे गेली होती. डाळ मिलांचं लातूर आमच्या हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही मात्र डाळ मोजून-मापून शिजवत होतो! पुढच्या वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेलच. त्या दिवसांत मीही कंबर कसली. आधी वरण पातळ केलं. मग स्वतःची वाटी बंद केली. पालेभाजी केली तर ती सासूबाईंच्या आणि मुलांच्या ताटात, मला भाकरी-चटणी आणि वरून चहा. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. उलट मनातल्या मनात स्वतःचं कौतुकच वाटायचं, की बघा, मी कसं निभावून नेते!

सहा महिन्यांनी चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी यायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. बाईचं ते किमान बारा असायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" आणि मला उत्तर देता येईना. गोळ्या, तपासण्या, येण्या-जाण्याचं भाडं असा हिशेब मी पुढे एकदा मांडला. वाचवलेल्या डाळीपेक्षा तो खर्च कितीतरी जास्त निघाला. असली कसली ही काटकसर?

ही माझ्या एकटीची कथा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दर दोघींत एक! याला कारणं अनेक आहेत, पण आपल्या ताटात काय पडतं हे त्यातलं मोठं कारण आहे आणि ते आपल्या हातातलं आहे.

गळती कुठे आहे?

त्या बैठकीत आम्ही ठरवलं, एक महिना पैशापैशाचा हिशेब लिहायचा. भाजी, किराणा तर लिहायचाच, पण मुलाच्या हातावर ठेवलेले पाच रुपयेसुद्धा लिहायचे. महिन्याने वह्या उघडल्या तर आमचे आम्हीच चकित झालो. डाळीवर हात आखडणाऱ्या घरात कुरकुऱ्यांचे पुडे, बिस्किटं, थंड पेयं असे रोजचे वीस रुपये सहज जात होते. रोजचे वीस म्हणजे महिन्याचे सहाशे! तेवढ्यात डाळीचा भाव चढा असला तरी बरीच डाळ येते.

दुसरी गळती तेलाची. मोठ्या माणसाला महिन्याला अर्धा ते पाऊण लीटर तेल पुरेसं होतं. आमच्यातल्या काही घरांत पाच माणसांना सहा-सहा लीटर लागत होतं. बाटलीतून थेट कढईत ओतलं की अंदाज राहत नाही. पळीने मोजून घालायला लागल्यावर भाजीची चव बिघडली नाही आणि महिन्याला लीटर-दीड लीटर तेल मात्र वाचलं.

तिसरी गळती पुड्या-पुड्यांनी आणण्याची. चहा, साबण, मसाला रोज एक पुडी आणली की किलोचा भाव केव्हाच्या केव्हा जातो. हातावर पोट असलेल्या घराला एकदम आणणं जमत नाही, हे खरं. म्हणून आम्ही पाच-पाच जणींनी मिळून डाळ, शेंगदाणे, तिखट ठोक भावात आणायला सुरुवात केली. बचत गट नुसता पैशाचाच कशाला हवा?

आजीचं ताट

माझ्या सासूबाई 1972 चा दुष्काळ सांगतात. नव्या नवरी असताना त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले. त्या म्हणतात, "ज्वारी अन् डाळ घरात असली की बाई राजा!" त्यांच्या या बोलण्यात शास्त्र आहे. ज्वारीत जे कमी असतं ते डाळीत मिळतं, डाळीत जे कमी ते ज्वारीत. दोन्ही एका ताटात आले की प्रथिनं चांगली मिळतात. त्यात मूठभर पालेभाजी आणि लिंबाची फोड आली की बरंचसं काम झालं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्या काळीही सून सगळ्यांच्या मागूनच जेवायची. टोपल्यात उरलेली भाकरी आणि पातेल्याला लागलेलं कोरड्यास, एवढंच तिच्या वाट्याला. ताट चांगलं होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आज चित्र बदललंय. आपल्या भागात शेतांत सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे पडली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. जानेवारी 2023 पासून प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मोफत आहे. हा मोठाच आधार आहे. पण पोट भरलं म्हणजे अंगाला लागलं असं नाही. धान्याचे पैसे वाचतात, ते डाळ, अंडी आणि भाजीकडे वळले तरच त्याचा खरा उपयोग.

आणि गंमत बघा, ज्या सोयाबीनची पोती आपल्या दारातून बाजारात जातात, ते आपल्याच पिठाच्या डब्यात नसतं! नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन घालून दळून आणा. फक्त एक काळजी घ्या. सोयाबीन कच्चं दळायचं नाही, ते पचत नाही. उकळत्या पाण्यात वीस मिनिटं उकळायचं, पाणी ओतून टाकायचं, कडकडीत उन्हात वाळवायचं आणि मगच गिरणीत न्यायचं. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

येळवस वर्षातून एकदाच का?

आपल्याकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा गाव शेतात जातो. ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी! त्या भज्जीत काय नसतं? ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात आणि वरून बेसन. शहरातले लोक पौष्टिक जेवणासाठी एवढाले पैसे मोजतात, ते आपल्या शेतात बांधाला बसून आपण खातो. आणि त्या दिवशी बाईसुद्धा सगळ्यांबरोबर जेवते, हे लक्षात आलंय का तुमच्या?

मग हीच भज्जी आठवड्यातून एकदा घरी का नको? ओले दाणे नसतील तर भिजवलेली मटकी, हरभरे घ्या. बाजार उठताना माळवं स्वस्त मिळतं, तेव्हा जे मिळेल ते घ्या. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावर फुकट असते. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, करडईची कोवळी भाजी. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात कामाला येतो. दारात एक शेवगा लावला तर पाला आणि शेंगा दोन्हींची सोय.

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) भागात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने काम उभं राहिलं आणि त्यातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आकाराला आली. या संस्थेसोबत मराठवाड्यातल्या हजारो बायकांनी घरच्या शेतातला अर्धा-एक एकर तुकडा आपल्याकडे मागून घेतला आणि त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी घेतली. आधी घरात खायचं आणि उरेल ते विकायचं, असा त्यांचा हिशेब. 2017 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. शेतात काय पेरायचं हे बाईने ठरवलं की चुलीवर काय शिजणार हेही बदलतं. आपल्याकडे एकर नसेल, पण तेलाच्या रिकाम्या डब्यात मेथी-कोथिंबीर तर येईल?

चुलीपाशी काही गोष्टी

डाळ, कडधान्य आधी भिजवलं की लवकर शिजतं, गॅस वाचतो. मोड आणले की वाटीभर मटकीची दोन-अडीच वाट्या होते. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा, आणि लोखंडी कढईत करा. जेवताना लिंबू पिळा, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाच्या अलीकडे-पलीकडे तासभर चहा नको. तो लोह अंगी लागू देत नाही. भूक मारायला चहा पिणं तर आपण बायकांनी सोडूनच द्यायला हवं!

करून बघा (पाच माणसांसाठी)

*वरणफळं:* एक वाटी तूरडाळ शिजवून घोटून घ्या. लसूण, जिरे, हळद, काळं तिखट घालून फोडणी द्या आणि सहा-सात वाट्या पाणी घालून उकळू द्या. दोन वाट्या कणीक मीठ-ओवा घालून घट्ट मळा, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करा आणि उकळत्या वरणात एकेक सोडा. दहा-बारा मिनिटांत शिजतात. वरून कोथिंबीर, लिंबू. रात्री दुसरं काही करायला नको.

*मेथीचे धपाटे:* दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या चिरलेली मेथी, तीळ, तिखट, हळद, मीठ. ताकात मळा, ओल्या फडक्यावर थापा आणि तव्यावर थोड्या तेलात भाजा. मुलांच्या डब्याला उत्तम. बिस्किटाच्या पुड्याची आठवण येणार नाही.

*येसर आमटी:* वर्षाचं येसर घरात असेलच. तीन-चार चमचे येसर पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत घाला, मोड आलेली वाटीभर मटकी टाका आणि उकळा. भाकरी कुस्करून खा.

परवा पुन्हा बैठक झाली. यावेळी आम्ही एकच नियम घालून घेतला होता. रात्री सगळ्यांनी एकदम बसायचं, आणि वाटी वाढताना आपलीही वाटी भरायची. मागच्या वेळी ठेचा-भाकरी सांगणारी ती आपणहून बोलायला लागली. "पयल्या दिवशी लाजच वाटली बगा, ताई. सासूबाई तोंडाकडं बगायल्या. मग पोरगीच म्हणली, आज्जे, आईला बी वाढ की. आता रोज संगट बसतो."

मी विचारलं, "आणि वरण पुरतं का सगळ्यांना?"

"पुरतंय की! आदी बी पुरलं असतं. मीच माझी वाटी मांडत नव्हते."

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी ताटं घेताना एकदा मोजून बघा. घरात माणसं किती आणि ताटं किती?