लॅपटॉपशेजारची डबी

घरच्या घरी लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला साधारण 2002-03 पासून एक सल्ला हमखास मिळायचा: आतल्या डिस्कवर रेकॉर्ड करू नका, बाहेरची हार्ड डिस्क लावा. का, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘ती फास्ट असते.’ हे उत्तर अर्धंच खरं होतं, आणि त्यापायी पुढे कितीतरी जणांनी नको तिथे पैसे घातले.

हिशेबच करू. 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला सुमारे 132 किलोबाइट खातो, म्हणजे मिनिटाला जेमतेम 8 एमबी. असे 16 ट्रॅक एकदम वाजवले तरी सेकंदाला 2 एमबीच्या थोडं वर. 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 मधून प्रत्यक्षात 30 एमबीच्या आसपास सहज जायचे. जुनं यूएसबी 1.1 सोडलं, तर केबल कुणाला कमी पडतच नव्हती. दमायचं ते डिस्कच्या आतलं हेड. तबल्याची फाइल एकीकडे, पेटीची दुसरीकडे, तानपुऱ्याची तिसरीकडे, आणि सगळ्यांकडून थोडं थोडं उचलत त्याने धावायचं. त्यातच 256 एमबी रॅमच्या त्या जमान्यात विंडोजही सारखी त्याच डिस्ककडे हात पसरणार. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला 4200 फेरे घ्यायची. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी 7 मिलिसेकंद लागायचे, हेड सरकायचा वेळ वेगळाच. 7200 फेऱ्यांच्या बाहेरच्या डिस्कवर ते 4 मिलिसेकंदांवर यायचं. पण खरा फायदा हा, की तिथे विंडोजची लुडबुड नसायची. प्रो टूल्सवाल्यांना -9073 हा आकडा अजून आठवत असेल. चांगला टेक रंगात आला की हटकून तोच पडद्यावर यायचा: डिस्क मंद आहे किंवा फाइली फार विखुरल्या आहेत.

त्या काळातला राजा म्हणजे फायरवायर. 1999 पासून मॅकवर आलेला हा पोर्ट कागदावर 400 मेगाबिटचा, म्हणजे यूएसबी 2.0 च्या 480 पेक्षा कमीच. तरी चालायचा सरस, कारण यूएसबीसारखा तो दर वेळी प्रोसेसरला कामाला लावत नसे. त्यामुळे लोक डिस्क घेताना आत ऑक्सफर्ड 911 ही चिप आहे ना, याची चौकशी करायचे. लॅमिंग्टन रोडवर असं विचारणाऱ्याकडे दुकानदार जरा संशयानेच बघत. विंडोज लॅपटॉपवर मात्र बहुधा चार पिनांचा छोटा फायरवायर असायचा. त्यातून डेटा जायचा, वीज नाही. म्हणजे अडॅप्टर आलाच.

आणि विजेचं रडगाणं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या गावांनी आणि छोट्या शहरांनी भारनियमनात काढली. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे दिवे गेले तरी रेकॉर्डिंग चालू राहील असं वाटायचं. प्रत्यक्षात लॅपटॉप जागा आणि 3.5 इंची डिस्क मेलेली, कारण तिचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगवर. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि ट्यूबलाइट. वेव्ह फाइलची लांबी तिच्या शीर्षात बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना नोंदली जाते. मध्येच वीज गेली की फाइल दिसते, पण लांबी शून्य. नशीब चांगलं असेल तर आवाज डिस्कवर असतोच. ऑडॅसिटीत ती फाइल कच्चा डेटा म्हणून उघडायची, 24 बिट, मोनो, 44,100 असं सांगायचं आणि सुरुवातीचे 44 बाइट सोडायचे. ते सोडले नाहीत तर नुसता खरखराट, कारण 24 बिटचा एक नमुना 3 बाइटचा आणि 44 ला 3 ने भाग जात नाही. ही युक्ती जमली तेव्हाचा आनंद नव्या माइकपेक्षा मोठा होता.

पुढे यूएसबीवरच पोसल्या जाणाऱ्या 2.5 इंची डिस्क आल्या आणि अडॅप्टर सुटला. पण यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देणार, आणि डिस्कला फिरायला लागताना त्याहून जास्त लागणार. म्हणून दोन तोंडांची केबल. दोन पोर्ट डिस्कने अडवले की ऑडिओ इंटरफेसने जायचं कुठे? अनेकांची ‘डिस्क स्लो आहे’ ही तक्रार खरं तर विजेच्या उपासमारीची होती.

2008 ला यूएसबी 3.0 ठरलं, 2011 ला थंडरबोल्ट आलं. त्याच वर्षी थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर किमती भडकल्या. मग लॅपटॉपमध्येच एसएसडी आली. हेड गेलं, फेरे गेले, आणि बाहेर रेकॉर्ड करण्याचं मूळ कारणच गेलं. सल्ला मात्र मुक्काम हलवेना. वेगवान एसएसडी असलेल्या लॅपटॉपला 5400 फेऱ्यांची स्वस्त डिस्क जोडून तिच्यावर इमानेइतबारे रेकॉर्ड करणारे लोक 2018 मध्येही दिसत होते.

गंमत म्हणजे डबीची गरज तरीही संपली नाही, वेगळ्याच कामासाठी उरली. 256 जीबीच्या लॅपटॉपमध्ये सॅम्पल लायब्ररी मावेनात. 2019 मध्ये आलेली बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा ही एक लायब्ररीच सुमारे 600 जीबीची. पूर्वी बाहेरच्या डिस्कवर आपलं गाणं असायचं, आता परक्या देशातली व्हायोलिनं. 2015 नंतर खिशात मावणाऱ्या एसएसडी मिळू लागल्या. वाद्यं त्यांच्यावर आणि चालू सेशन आत, हीच मांडणी मला आजही पटते. माइकशेजारी डिस्कची घरघर नाही, हा फायदा तर वेगाहूनही मोठा.

जुनी फायरवायर डिस्क कपाटात असेल तर आता जरा घाई करावी. 2025 च्या मॅकओएस टाहोने फायरवायरची साथ सोडली. अडॅप्टरला अडॅप्टर जोडत बसण्यापेक्षा डबीचे स्क्रू काढणं सोपं. आत बहुधा साधी आयडीई डिस्क निघते, आणि यूएसबीचा आयडीई अडॅप्टर अजून मिळतो. सेशन उघडेलच असं नाही, कारण त्या वेळचे प्लगइन आज चालत नाहीत. वेव्ह फाइली मात्र उघडतात. त्या नव्या सेशनमध्ये शून्यापासून लावून बघायच्या. ट्रॅक एकमेकांशी जुळले नाहीत, तर तेव्हा फाइली सुरुवातीपासून एक्सपोर्ट करायच्या राहिल्या असं समजायचं आणि कानाने जुळवत बसायचं.