पक्क्या परवान्याची तारीख

वाहन चालविण्याचा पक्का परवाना मिळविण्याच्या मार्गातला सर्वांत बिकट टप्पा कोणता, असे कोणी विचारले, तर अननुभवी मनुष्य चढणीवर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा सुरू करण्याचे किंवा इंग्रजी आठच्या आकड्यात पाय न टेकता दुचाकी फिरविण्याचे नाव घेईल. परंतु ज्याने एप्रिल ते जून या महिन्यांत आपल्या घरातल्या कुणासाठी ही खटपट केली आहे, तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल की गाडी चालविणे त्या मानाने सोपे, ती चालवून दाखविण्याची तारीख मिळविणे कठीण.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांनी घालून दिलेला क्रम वरकरणी अगदी सुटसुटीत आहे. प्रथम शिकाऊ परवाना काढायचा. त्याची मुदत सहा महिने. तो हाती पडल्यापासून निदान तीस दिवस लोटल्याखेरीज चाचणीस उभे राहता येत नाही, आणि त्या काळात पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगातले ‘एल’ हे अक्षर (ते किमान दहा सेंटिमीटर उंच व दोन सेंटिमीटर जाड असावे, इतका बारीक तपशील नियमकर्त्यांनी नमूद करून ठेवला आहे) गाडीला पुढेमागे लावून, शेजारी परवानाधारक इसम बसवून सराव करायचा. चाचणीत नापास झालेल्यास सात दिवसांनंतर पुन्हा हजर होण्याची मुभा. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते. सहा महिन्यांतून पहिला एक वजा केला म्हणजे पाच उरतात, आणि कागदावर पाच महिने म्हणजे पुष्कळ झाले. ते पुष्कळ नसतात, हे कळायला उन्हाळ्याची सुट्टी लागावी लागते.

एकेकाळी शिकाऊ परवान्यासाठीही आरटीओच्या कचेरीत खेटे घालावे लागत. जून २०२१ पासून महाराष्ट्रात तो आधार क्रमांकाच्या साह्याने घरबसल्या मिळू लागला: ‘सारथी’ या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा, संगणकाने विचारलेल्या पंधरा प्रश्नांपैकी नऊंची उत्तरे बरोबर द्यावीत, आणि रात्री जेवणे आटोपता आटोपता परवान्याची प्रत छापून घ्यावी. (ही उत्तरे दर वेळी अर्जदारच देतो असे मानण्याइतके भोळे आपण कोणीच नाही, तालुक्यातल्या नेट कॅफेवाल्या मुलाला रस्त्यावरच्या चिन्हांचे जेवढे ज्ञान आहे, तेवढे अनेक जुन्या चालकांनाही नसेल.) सोय मोठीच झाली, यात संशय नाही. परंतु त्या सोयीने प्रवेशद्वार जेवढे रुंद झाले, तेवढे बाहेर पडण्याचे दार रुंद होणे शक्य नव्हते, कारण त्या दाराशी संगणक नसून मोटार वाहन निरीक्षक नावाचा एक हाडामांसाचा मनुष्य उभा आहे, आणि एका माणसाने एका दिवसात किती उमेदवारांना गाडी चालवताना पाहावे, याला उन्हाची, भुकेची आणि कचेरीच्या वेळेची मर्यादा आहे.

माझ्या भाचीच्या परवान्याच्या निमित्ताने हे सारे मी जवळून पाहिले. बारावीची परीक्षा आटोपताच तिने व तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकाच आठवड्यात शिकाऊ परवाने काढले होते. साहजिकच त्यांचे तीस दिवसही एकाच आठवड्यात भरले. त्यानंतर आमच्या घरी एक नवा शिरस्ता पडला. रात्री बारा वाजायच्या सुमारास ती संगणक उघडून बसे. अर्जाचा क्रमांक, जन्मतारीख, मग पडद्यावरची ती वेडीवाकडी अक्षरे, मग मोबाइलवर आलेला ओटीपी, एवढे सोपस्कार उरकले की दिनदर्शिकेचे एक पान उघडे. ज्या तारखांना जागा शिल्लक असेल, त्या हिरव्या दिसतात. ते हिरवे चौकोन मी पाहिले आहेत, पण दुसऱ्या कुणीतरी ते घेऊन टाकण्यापूर्वीचा जो अर्धा-एक मिनिट असतो, तेवढ्यापुरतेच. बोट कळीवर जाईतो चौकोनाचा रंग उतरे. “मामा, आजपण कोटा फुल,” असे म्हणून ती झोपायला जाई.

खिडकीपुढल्या जुन्या रांगेला आपण पुष्कळ नावे ठेवली. मीही ठेवली आहेत. तरी त्या रांगेचा एक गुण या नव्या व्यवस्थेत लोपला, तो म्हणजे तिच्यात उभ्या असलेल्याला आपल्यापुढे किती माणसे आहेत हे दिसत असे, आणि मध्येच कोणी घुसला तर त्याला ओरडून मागे पाठविण्यास दहा साक्षीदार हजर असत. मध्यरात्रीच्या या रांगेत आपण पहिले आहोत की पाचशेवे, याचा पत्ता लागत नाही. काल हुकलेल्याला आज त्याबद्दल कसलाही अग्रहक्क नसतो. प्रत्येक रात्री सर्वांनी शून्यापासून प्रारंभ करायचा. लग्नसराईतल्या मंगल कार्यालयाचा व्यवस्थापकसुद्धा याहून बरा, कारण तो निदान पुढच्या मुहूर्तासाठी आपले नाव वहीत टिपून घेतो.

यावर लोकांचे नेहमीचे म्हणणे असे की कचेरीने कोटा वाढवावा, म्हणजे प्रश्न मिटला. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु मे महिन्यात त्या कचेरीच्या आवारात बसून राहिले म्हणजे ध्यानात येते की ज्या निरीक्षकाकडे चाचण्या आहेत, त्याच्याचकडे वाहनांच्या योग्यता-तपासणीचे काम आहे. शाळा उघडण्यापूर्वी स्कूलबस तपासून घ्यायच्या असल्याने त्यांचीही रीघ नेमकी याच दिवसांत लागते. शिवाय रस्त्यावरची तपासणी आहे, अपघातग्रस्त वाहनांची पाहणी आहे, आणि निवडणूक जाहीर झाली असेल तर तिचे काम आणखी वेगळे. विद्यार्थ्यांची सुट्टी आणि निरीक्षकांची धांदल यांचा हंगाम एकच पडतो.

त्याहून महत्त्वाची बाब केंद्रीय नियमांतल्या पंधराव्या नियमात आहे. चाचणी घेणाऱ्याने काय काय पाहावे याची जी यादी तिथे दिली आहे, ती वाचून माझे तरी डोळे उघडले: निघण्यापूर्वी आरसा नीट लावणे, गाडी सरळ आणि तिरकी अशी दोन्ही प्रकारे हळुवार काढणे, क्रमाने सर्व गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत जाणे, उतारावर वेळीच खालचा गिअर घेणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, वळणे, ओलांडणे, मागे घेणे. ही यादी प्रामाणिकपणे पुरी करायची तर एका उमेदवारास अर्धा तास लागावा. प्रत्यक्षात मैदानावर मी जे पाहिले, ते याच्या दशांशही नव्हते. फक्कीने आखलेला आठचा आकडा. त्यात एकेक मुलगा दुचाकीवरून फिरून येई. पाय टेकला की निरीक्षक पेन्सिलीने एक खूण करी. टेकला नाही की दुसरी. मोटारीचे तर याहून थोडक्यात आटपे: प्रशिक्षण-शाळेची गाडी, जिच्यात शेजारच्या आसनापाशीही क्लच नि ब्रेक असतात, ती पुढे काही वाव न्यायची, तेवढीच मागे आणायची आणि उतरायचे. माझा निष्कर्ष कुणास रुचणार नाही, तरी सांगतो. कोटा वाढविण्याच्या प्रत्येक मागणीची किंमत या चाचणीतून मिनिटे कापून वसूल होते, आणि ज्या कचेरीत तारीख उद्याची मिळते, तेथे चाचणी बहुधा नावापुरतीच उरलेली असते. निरीक्षक वाढल्याखेरीज तारखा वाढाव्यात असे म्हणणे, म्हणजे तेवढ्याच दुधात अधिक पाणी मागणे होय.

जेथे टंचाई, तेथे दलाल. हे सांगण्यास नवे काही नाही. शासकीय शुल्क म्हणाल तर चाचणीचे प्रत्येक वाहनप्रकारास तीनशे रुपये आणि परवान्याचे दोनशे. पण कचेरीच्या फाटकाबाहेर रंगीत छत्रीखाली बसलेला इसम जे मागतो, त्यात या रकमेचा हिशेब वेगळा काढता येत नाही. “तारीख आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त ट्रायलला या,” एवढेच तो म्हणतो. त्याच्यापाशी कुठला गुप्त वशिला असतो अशी माझी समजूत होती. पुष्कळ वेळा तसे काही नसून त्याने पगारी मुले रात्री बाराला बसविलेली असतात, म्हणजे तो आपली झोप विकत घेत असतो, इतकेच. हा व्यवहार आपल्याच मातीतला आहे असेही नाही. इंग्लंडात जून १९३५ पासून ही चाचणी सक्तीची आहे, आणि तेथे तर गेल्या काही वर्षांत बासष्ट पौंडांची तारीख यंत्रांकरवी आगाऊ अडवून कित्येक पटींनी विकण्याचा धंदा उघडपणे चालला. तिकडे राहणारी आपली मराठी मुलेही लेखी परीक्षेच्या दाखल्याची दोन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवून अशीच तारखांच्या मागे लागलेली असतात.

या सर्वांतून सुटकेचा मार्ग म्हणून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना जुलै २०२१ पासून अमलात आली. एकोणतीस तासांचा अभ्यासक्रम तेथे पुरा करून उत्तीर्ण होणाऱ्यास कचेरीतली चाचणी माफ आहे. परंतु अशा केंद्रास सपाट प्रदेशात दोन एकर जागा हवी, आणि शहरालगत दोन एकर मोकळी जागा ज्याच्यापाशी आहे, तो तिच्यावर मोटारी शिकवील की इमारत उठवील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भाचीला अखेर तारीख मिळाली ती जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, तर तालुक्याच्या शिबिरात. महिन्यातून ठरावीक दिवशी निरीक्षक आपले दफ्तर घेऊन तालुक्याच्या गावी येतात आणि तेथील उमेदवारांच्या चाचण्या तेथेच घेतात. सरकारी विश्रामगृहाच्या मागचे पटांगण, दोन टेबले, एक छायाचित्र घेणारे यंत्र, आणि कडुनिंबाच्या सावलीत उभी केलेली प्रशिक्षण-शाळेची गाडी, एवढ्यावर शिबिर भरते. नावे पुकारली जाऊ लागली तेव्हा मला सर्वांत नवल वाटले ते गैरहजर उमेदवारांचे. ज्या तारखांसाठी घरोघरी जागरणे झाली, त्या घेऊन ठेवून काही मंडळी आलीच नव्हती. निरीक्षक नाव दोनदा उच्चारीत आणि पुढे ‘गैरहजर’ असा शेरा मारून पान उलटीत.

भाची पास झाली. तिच्यामागे एक विशीतला मुलगा होता, भाजीचा टेम्पो चालवायची नोकरी ठरलेला. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. तेव्हा त्या मुलाच्या दृष्टीने चाचणी आणि पगार यांच्यात दुसरा कुठलाच अडथळा नव्हता. मागे घेताना त्याची गाडी बंद पडली, दुसऱ्यांदाही पडली. उतरून तो टेबलापाशी आला आणि अदबीने म्हणाला, “साहेब, बरेच जण आले नाहीत. त्यांच्या जागी परत एकदा घ्या ना.”

“सात दिवसांच्या आत घेता येत नाही रे,” निरीक्षक म्हणाले. त्यांच्या स्वरात रागाचा लवलेशही नव्हता. “पुढच्या शिबिराची तारीख काढ.”

पुढच्या शिबिराचा कोटा भरून गेला आहे, हे त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर त्यांना दाखविले. जिल्ह्याच्या तारखा त्याहूनही पलीकडच्या होत्या, आणि त्याचे लर्निंग येत्या पंधरवड्यात संपत होते. निरीक्षकांनी त्याचा कागद हातात घेऊन मुदतीची तारीख पाहिली, क्षणभर थांबले, आणि ती संपली की नवे लर्निंग काढ असे सांगून पुढचे नाव पुकारले. नव्या लर्निंगचे तीस दिवस पुन्हा भरावे लागतात का, असे तो मला विचारीत होता. भरावे लागतात, असे मी सांगितले. त्याने तिथूनच टेम्पोच्या मालकाला फोन लावला.