ऑइलपेंटखालचं सागवान

तुमचं आजोळ देगलूरच्या जुन्या गावात किंवा आसपासच्या खेड्यात असेल, तर तिथल्या वाड्याची माडी तुम्हाला आठवत असेल. उभा जिना, वर फळ्यांची जमीन आणि पाय टाकला की कुरकुर. खालच्या खोलीतून वर बघितलं, तर तीच जमीन छत झालेली दिसते. मधली जाड ती तुळई, तिच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर पाट. म्हणून नाव कडीपाट.

आज त्या माडीवर काय आहे? ट्रंका, जुन्या गाद्या आणि फळ्यांवर हिरव्या नाहीतर चॉकलेटी ऑइलपेंटचे थर. मग एक दिवस घरात विषय निघतो. ‘लाकूड काळं पडलंय, सडलंय, पाडून स्लॅब टाकू.’ सागवान विकलं जातं, वाटण्या होतात, विषय संपतो.

पण काळं पडणं म्हणजे सडणं नव्हे. बहुतेक वेळा तो चुलीचा धूर, तेलकट मळ आणि रंग असतो. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते वाळवीला आणि ओलीला इतर लाकडांपेक्षा जास्त काळ तोंड देतं. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधला. त्याच्या दर्शनी भागातलं कोरीव लाकूडकाम लोक आजही बघायला जातात. आपल्याला तर लांब जायची गरजच नाही, किनवटचं सागवानी जंगल आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहे.

आधी तपासा

घाई मात्र नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि जुन्या घरांची भीती मराठवाड्याच्या मनात बसली. ती उगाच नव्हती. दगड-मातीच्या जाड, नीट न सांधलेल्या भिंती आणि माळवदावरचा मातीचा भार लोकांच्या जिवावर उठला होता. त्यामुळे पॉलिशचा विचार करण्याआधी भिंती, तुळया आणि वरची माती इंजिनिअरला दाखवा. घर धोकादायक असेल तर फळ्या चमकवून उपयोग नाही.

लाकडाची पहिली तपासणी तुम्हीही करू शकता. फळीवर ठोकून बघा, आवाज पोकळ येतो का? तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर लाकूड सडलंय. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. जिन्याच्या तोंडाशी फळीची कड उघडी असते, तिथे जाडी मोजून घ्या. ती का मोजायची, ते पुढे येईलच.

घासायचं कसं?

सगळ्यात मोठा धोका जुन्या रंगाचा. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. असा रंग कोरडा घासला की विषारी धूळ उडते आणि लहान मुलांच्या मेंदूवर तिचा वाईट परिणाम होतो. म्हणून रंग जाळू नका, कोरडा घासू नका. पाण्याने ओला ठेवून पत्तीने खरवडा. एन-९५ मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बायकांना घराबाहेर ठेवा, आणि निघालेला रंग पिशवीत बांधा, अंगणात झाडू नका.

रंग निघाला, लाकूड वाळलं की वर आलेले खिळे आत ठोकून घ्या, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो. पेपर जाड ते बारीक या क्रमाने वापरायचा. आधी ६० नंबर, मग ८०, शेवटी १२०. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. हात कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा.

आता जाडीचा मुद्दा. घासणं म्हणजे लाकूड कमी करणं. गेलेला थर परत येत नाही. मशीन एका जागी क्षणभर थांबलं तरी खड्डा पडतो. फळी पातळ असेल तर मशीन लावूच नका, हातानेच घासा. शंभर वर्षांत पायांनी गुळगुळीत झालेला खोलगट भाग सपाट करायचा हट्टही सोडा. मळ आणि रंग गेला की थांबायचं. नवंकोरं दिसायचंच असेल तर टाइल्स आहेतच की!

शेवटचा हात

जवस आपल्याकडे चटणीत असतं. त्याचंच तेल लाकडालाही चालतं. रंगाच्या दुकानात मिळणारं बॉइल्ड लिन्सीड ऑइल लवकर वाळतं. पातळ हात द्या, थोड्या वेळाने वरचं तेल पुसून काढा, पूर्ण वाळलं की दुसरा हात. आणि हे विसरू नका, या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळे पसरून वाळवा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. ओल्या हवेत लाखेचं पॉलिश पांढरट पडतं, शिवाय लाकूड फुगलेलं असतं. दिवाळी ते होळी हे दिवस चांगले.

पण अख्खी माडी काढायची गरज आत्ता नाही. या सुट्टीत ट्रंकेमागची वीतभर जागा निवडा आणि वरची सगळी काळजी घेऊन तेवढीच साफ करा. मग काका, मामा, वडील, ज्यांच्या ज्यांच्या सह्या वाड्याच्या कागदांवर लागणार आहेत, त्यांना जिना चढून वर आणा आणि ती जागा दाखवा. वाडा ठेवायचा की पाडायचा, हे शेवटी तेच ठरवतील. पण ‘सडलंय’ म्हणण्याआधी त्यांनी ते लाकूड एकदा बघितलेलं असेल.